शनिवारी कापलेली नखं

सोम. १९ जाने.

सगळ्यात आधी शमीम आली. हळदीकुंकू माझ्या घरी, अन् पहिली पाहुणी बांगडीवाली शमीम. ती कुंकू लावत नाही, पण तिळगुळाला दरवर्षी सगळ्यांच्या आधी हजर. बसली, लाडू दाताखाली फोडला, अन् म्हणे, "शकूबाई, तुमाले मालूम हाय का नाई ते मले मालूम नाई. पन माझी बहीन अकोल्यात तुमच्या इहीनीच्याच गल्लीत राह्यते."

म्हटलं, राह्यते. मंग?

"ते सांगत होती का तुमच्या वैशूची मिनू दवाखान्यात हाय. पाच दिवस झाले. अन् तुमच्या इहीनबाई गल्लीत सांगून राहिल्या, का अमरावतीच्या बुढीनं लेकराले बिमारी देल्ली."

मी वाणाच्या चाळण्या लावून ठेवत होती. तेवढ्यात बाकीच्या बाया आल्या. सतरा जणींना कुंकू लावलं, सतरा जणींना गोड बोला म्हटलं. 

सगळ्या गेल्यावर वैशूला फोन. आधी रडली. मग म्हणे, "तुले काय सांगू आई, तू घाबरशील."

म्हटलं, मी घाबरतो का नाई ते माझं मी पाह्यीन, तू सांग.

संक्रांतीच्या दिवशी मिनूला ताप चढला. झटका आला, डोळे फिरवले. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, तर व्हायरस निघाला. हर्पीसचा सहा नंबर. लाखांनी आहे म्हणतात रक्तात. जवाईबापूंच्या चुलतभावानं लगेच मोबाईलवर हर्पीस टाकून पाहिलं, तर नको ती माहिती निघाली. बाहेरख्याली लोकांच्या रोगाची. नऊ महिन्यांच्या लेकराला! त्या चुलतभावाच्या मोबाईलला आग लागो.

एक मार्चनंतर वैशू शाळेत रुजू होणार अन् मिनू माझ्याजवळ राहणार, असं ठरलं होतं. मी दाराला आडवी फळी ठोकून घेतली, लेकरू रांगत बाहेर जाऊ नये म्हणून. आज दिवसभर बाया त्या फळीवरून पाय टाकून आल्या-गेल्या अन् विचारत होत्या, हे कशाला?

मंगळ. २० जाने.

सकाळच्या एसटीनं अकोला. मूर्तिजापूरला गाडी उभी राहिली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, कोनाकडे? म्हटलं, नातीकडे. ती म्हणे, मजा हाय तुमची. हो बाई, लय मजा.

मिनूच्या हाताला सुई, अन् तो हात पुठ्ठ्याला बांधलेला. मला पाहिलं तर दुसरा हात वर केला अन् हसली. खालचे दोन दात. नवे आहेत, मी पाहिले नव्हते. मी वाकली, तर मधात इहीनबाईंचा हात.

"इहीनबाई, जरा दुरून."

"काहून?"

"डॉक्टर म्हणते, लाळेतून जाते. तुमी मुके घेता ना. बाळंतपणात लेकरू सव्वा महिना तुमच्याकडे होतं. मी बारशाले आली तं पाह्यलं ना, गालाचे, पोटाचे, पायाचे. बाप्पा, पायाचे बी!"

आता पायाचे घेतले तर घेतले. तिचे तळवे तेव्हा जिलबीएवढे होते, कोण घेणार नाही?

वैशू खाली पाहत राहिली. जवाईबापू खिडकीतून बाहेर. 

डॉक्टरला मी स्वतः विचारलं. तो म्हणे, मावशी, हा लाळेतून जातो हे खरं, पण दोन वर्षांच्या आत बहुतेक सगळ्याच लेकरांना होतो. तीन-चार दिवस ताप, मग अंगावर पुरळ, संपलं. म्हटलं, मग हिला सलाईन कशाला? म्हणे, हिचा आकडा फार मोठा आहे, आणि झटकाही येऊन गेला. औषध द्यावंच लागेल. दोन टाइम, दोन-तीन आठवडे.

बुध. २१

बाकावर बसून राहिली दिवसभर. दोन हात लांबून. मिनू पाहते, हात करते, मी टाळ्या वाजवते. रसवंतीवर उभं राहून रस न पिता परत येण्यासारखं.

रवि. २५

परत आली. पोरीच्या सासरी किती दिवस राहायचं. इहीनबाईंनी राहा म्हटलं, पण राहा म्हणायच्याही तऱ्हा असतात. मला दिलेली गादी व्हरांड्यात होती अन् पेला वेगळा होता. पेला वेगळा!  बोलली असती तर वैशूला ऐकावं लागलं असतं.

निघताना मिनूला लांबूनच येतो म्हटलं. ताप उतरला आहे तिचा. हसते, खेळते. पण आकडा उतरत नाही म्हणून सलाईन सुरू.

गुरु. २९

वैशूचा फोन. पुन्हा रक्त तपासलं. आकडा जितका होता तितकाच. इतकं औषध गेलं अन् व्हायरस ढिम्म. उलट पांढऱ्या पेशी उतरल्या. अन् तोंड आलं आहे तिचं, दूध ओढत नाही. डॉक्टर म्हणतो डोस वाढवू. अरे, ज्यानं फरक नाही ते वाढवून काय करतो?

शमीम म्हणे नजर उतरवा. म्हटलं, उतरवायला लेकरू जवळ द्यायला पाहिजे ना कोणी!

शनि. ३१

आज पुन्हा अकोला. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई बोलावल्या आहेत. तरुण आहे, पण ऐकून घेते. हे मोठं आहे. त्यांनी सगळे कागद पाहिले अन् म्हणाल्या, आकडा पुढे-मागे होत नाही हीच गडबड आहे. खरी लागण असती तर औषधानं उतरला असता, नाहीतर चढला असता. हा तर दगडासारखा एका जागी आहे. जितक्या रक्ताच्या पेशी, जवळपास तितकाच व्हायरस. म्हणजे तो बाहेरून आला नसेल. पेशीतच असेल, जन्मापासून.

इहीनबाई म्हणे, "म्हंजे?"

मग त्यांनी समजावलं. माणसाच्या हरेक पेशीत धागे असतात, अर्धे आईकडचे, अर्धे बापाकडचे. हा सहा नंबरचा व्हायरस कधीकधी त्या धाग्याच्या टोकाला जाऊन जोडला जातो. आपल्या कोण्या पणजीच्या, खापरपणजोबाच्या वेळी एकदा जोडला गेला असेल. तिथून पुढे तो रोग राहत नाही, धाग्याचाच तुकडा होतो, अन् आईबापाकडून लेकराला जातो, नाक जावं, रंग जावा तसा. जातोच असं नाही, निम्म्यांना जातो. शंभरात एखाद्या माणसाला असतो अन् त्याला पत्ताही नसतो. मिनूचा ताप साधा असेल, दुसऱ्या कशाचा तरी, तो तर केव्हाच गेला. आपण उगाच धाग्यावर औषध ओतून राहिलो.

बाकीचे बह्याडासारखे पाहत होते. मला पटलं. मी म्हटलं, "बाई, कलम का बी?"

त्या म्हणे, म्हणजे?

म्हटलं, माझं माहेर शेंदूरजनाघाटचं. आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. ते वरचं काम, खालच्या झाडाच्या बियात उतरत नाही. अन् आता हे कपाशीचं बियाणं येते, त्यात अळीसाठी जे घातलं ते सरकीतच असते, पानापानात, बोंडाबोंडात. फवारून येत नाही अन् फवारून जात नाही. हे कोणतं?

त्या खुर्चीतच सरळ झाल्या. "हे कपाशीवालं, मावशी! माझ्या विद्यार्थ्यांना इतकं लवकर समजत नाही."

चौथी पास आहे मी. आज आठवी झाल्यासारखं वाटलं. वाचलो म्हटलं. मुक्यानं नाही आलं! इहीनबाईंकडे पाहिलं मी, पाहायलाच पाहिजे होतं.

अन् हर्पीस नावाचं विचारलं ते बरं केलं. म्हणाल्या, ते कुळ आहे मोठं. कांजिण्याही त्यातल्याच, नागीणही त्यातलीच, अन् ते मोबाईलमधलंही. आडनाव एक, पण घरं वेगळी. जवाईबापूंना म्हटलं, चुलतभावाले सांगा.

रवि. १ फेब्रु.

कालचा आनंद एका रात्रीचा.

पक्कं करायला केस पाहिजेत. रक्तात खरी लागण असली तरी व्हायरस दिसतो, पण केसाच्या मुळात, नखात दिसला म्हणजे तो सगळ्याच पेशींत आहे. मिनूचे आठ-दहा केस मुळासकट. आई-बापाचे अन् जमलं तर आजीचे.

इहीनबाई उठून उभ्या राहिल्या. "लेकराच्या डोक्याले हात लावायचा नाई. जावळ राह्यलं हाय."

त्यांच्याकडे जावळ कुलदैवताच्या ठिकाणी, मामाच्या मांडीवर निघते. त्याच्याआधी एक केस काढायचा नाही. वैशू म्हणे, "आत्याबाई, दहा केस." तर, "दहा असो का एक. माझ्या थोरल्याच्या वेळी घाई केली होती. पुढचं तुले माहीत हाय." थोरला सव्वा वर्षाचा होऊन गेला त्यांचा. त्याच्यावर कोण काय बोलणार.

वरून मला म्हणे, "मामाले सुट्टी भेटली असती तं दिवाळीतच जावळ झालं असतं. आमच्याकडून उशीर नाई."

मामा म्हणजे माझा प्रमोद, पुण्याचा. म्हणजे हेही खापर माझ्याच डोक्यावर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध निदान थांबवा. तर जवाईबापू घाबरले. "थांबवलं अन् काई झालं तं?" म्हणून पक्कं होईपर्यंत सुरूच. वैशूचे अन् जवाईबापूंचे केस काढून घेतले. माझी एसटीची वेळ झाली होती, म्हटलं माझे घरून देतो.

सोम. २

जवाईबापू कामानं इकडे आले, चहा घेतला, पाकीट पुढे केलं. "मामी, केस. मुळासकट, दहा-बारा. आजच कुरिअर करतो तिघांचे."

दिले.

शुक्र. ६

हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे.

सकाळी लॅबमधून एका पोरीचा फोन. पाकिटावर माझा नंबर होता. "आजी, तुमचे केस दोन रंगांचे आहेत का?"

म्हटलं, का बाई?

"पाकिटात पांढरेही आहेत अन् हातभर लांब काळेही आहेत. अन् हे उपटलेले नाहीत, गळालेले आहेत. हे एका माणसाचे आहेत का?"

नाहीत. माझ्या डोक्यावर तसेही उरले किती, उपटायला जीव होईना. अन् खिडकीला पिशवी टांगलेली असते, विंचरलेल्या केसांची. केसांवर भांडं देणारी बाई येते तिच्यासाठी. इतके साठवलेले असताना डोक्यावरचे कशाला काढायचे? चष्मा लावून, टोकाला पांढरा ठिपका पाहून पाहून बारा केस निवडले मी. पण त्या पिशवीत वैशूचेही आहेत. बाळंतपणानंतर तिचे मूठमूठ गळत होते, ते सगळे त्यातच. हे मला तेव्हा आठवलं नाही. का आठवलं अन् मी म्हटलं, चालते? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

त्या पोरीनं तिघांचंही काम थांबवलं. एकाचं चुकलं तर बाकीच्यांचा भरवसा कसा धरायचा, नवीन पाठवा म्हणाली.

वैशूला म्हटलं, लॅबवाल्यांची काहीतरी गडबड झाली. ती म्हणे, "सगळे एकसारखेच." मी हो म्हटलं.

पाच दिवस गेले. पाच दिवस दोन टाइम ते औषध. आज पांढऱ्या पेशी अजून खाली.

शनि. ७

सकाळी लॅबचं माणूस घरी आलं. दुसरीच पोरगी. चिमट्यानं बारा केस उपटले. प्रत्येकाला डोळ्यातून पाणी. बरं झालं, लागलं ते बरं झालं. तिकडे वैशूचे अन् जवाईबापूंचेही पुन्हा काढले.

संध्याकाळी वैशूचा फोन, आवाज बारीक. "आई, आत्याबाईंनी नखं काढली."

"कोणाची?"

"मिनूची. मी औषध आणायले खाली गेल्ती. वर आली तं आत्याबाई तिच्या पायाशी बसल्या होत्या, छोटी कात्री घेऊन. वीसही बोटांची काढली. पांढऱ्या रुमालात बांधली अन् डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. म्हणे, तुमी नख बी चालते म्हणाल्या होत्या ना."

आज शनिवार. ज्या बाईच्या घरी शनिवारी नख काढत नाहीत, बुधवारी डोक्यावरून पाणी घेत नाहीत, अमावास्येला दही लावत नाहीत, तिनं शनिवारी लेकराची नखं काढली. वैशू म्हणे, मिनूला कुठे खरचटलंसुद्धा नाही.

मला त्या बाईचा राग करायचा आहे. करू देत नाही.

मंगळ. १०

काही नाही. वाट.

गुरु. १२

आलं.

मिनूच्या नखात आहे. वैशूच्या केसात आहे. जवाईबापूंच्यात नाही. माझ्यात आहे.

दुपारपासून औषध बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी आपोआप वर येतील. बिमारी नव्हतीच. पुढेमागे कुठे रक्त तपासलं अन् कोणी घाबरलं तर हा कागद दाखवायचा. जन्मभर जपून ठेवायचा.

मी देवापुढे साखर ठेवली. मग फोन वाजला. इहीनबाई.

"इहीनबाई, मी काय म्हणत होती? तुमच्याकडूनच आलं ना?"

शनि. १४

मिनू घरी गेली. वैशूनं व्हिडिओ पाठवला, फ्रीजला धरून उभी राहते. चौदा वेळा पाहिला.

सोम. १६

काल शिवरात्र, उपास, अन् दिवसभर एकच विचार. आधी म्हणत होते मुक्यानं दिलं. मी म्हणत होती, सिद्ध करा. तर सिद्ध झालं. लॅबच्या शिक्क्यासकट कागद आहे आता, की माझ्याकडून गेलं. मुक्याचं असतं तर मुके बंद केले असते. हे कसं बंद करू? मी जन्माला आली तेव्हाच घेऊन आली, वैशूला पोटातच दिलं, तिनं मिनूला. कोणी कोणाला विचारलं नाही.

अन् रोगही नाही! रोग असता तर औषध असतं. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, बाई, मग ह्याचं करायचं काय? म्हणे, काही नाही. म्हटलं, कधी उठून बसला तर? म्हणे, बहुतेक नाही उठत. क्वचित कोणाचा अवयव बदलायची पाळी आली तर डॉक्टरांना सांगून ठेवायचं, मोठेपणी हृदयाशी काही संबंध आहे का ते अजून लोक शोधून राहिले. खोटं सांगत नाही, एवढंच माहीत आहे. बाई खरी आहे. पण खऱ्या माणसाचा कधीकधी फार राग येतो.

बुध. १८

शेंदूरजनाघाटला भावाला फोन केला. म्हटलं, आपल्या मायकडून का बाबांकडून आलं, काही समजलं तर बरं होईल, तू केस देतो का? तर बिघडला. "आपल्या घराण्यात तसलं काई नाई. सत्तर वर्षं झाली मले, सर्दी सोडली तं काई माहीत नाई." अरे, तेच तर सांगून राहिली, की माहीतच पडत नाही! तर म्हणे, "बुढी झाली तू, काईबी ऐकतं अन् काईबी सांगतं." अन् संत्र्यानं आंबिया बहाराला फूल कसं धरलं ते पंधरा मिनिटं सांगितलं.

प्रमोदला सांगितलं. तोही निम्म्यात येऊ शकतो. तो म्हणे, "आई, मला तपासायचं नाही. अन् हिला बोलू नको." बायकोला.

ज्यांच्यात असेल ते नाही म्हणतात, ज्यांच्यात नाही ते बोट दाखवतात. मधात मी, कागदासकट.

शमीमला सगळं सांगितलं. तिला काही फरक पडला नाही. म्हणे, "शकूबाई, माझ्या दादीचं टक्कल माझ्या तीन भावांनी घेतलं. आमी काय दादीले शिव्या देत बसलो?" मग माझ्याच पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन निघाली.

रवि. २२

वैशूचा फोन. इहीनबाई मिनूला पाळणाघरात ठेवा म्हणून राहिल्या. अमरावती नको. वैशू म्हणे, "आई, त्या रागानं नाई म्हणत. घाबरतात." म्हटलं, मी वाघ आहे का? ती म्हणे, बुधवारी आम्ही येतो, समोरासमोर बोला.

त्यांचे गुडघे गेलेले, एकट्या लेकराच्या मागे धावू शकत नाहीत. पाळणाघरात एक बाई अन् बारा लेकरं. अन् इथे मी आखी रिकामी बसलेली. कोणाला सांगायचं हे?

बुध. २५

वैशू, जवाईबापू, इहीनबाई. मिनू नाही. शेजारणीकडे ठेवून आले, ऊन होतं म्हणून. ऊन कोणाला नसते.

आलूपोहे केले. इहीनबाईंनी खाल्ले, अजून घेतले. मग बशी खाली ठेवली.

"इहीनबाई, तुमाले वाटत असन, मी तुमच्यावर दात ठेवून हाय."

म्हटलं, वाटते.

"तसं नाई. डॉक्टरीणबाईले मी तीनदा विचारलं. ते म्हणते, आजीजवळ राह्यल्यानं काई होत नाई, जे हाय ते पहिलेच हाय. मले समजते. पन रात्रंदिवस मले तेच दिसते, तिच्या हाताची सुई. मी जावळाचं धरून बसली नसती तं पह्यल्याच दिवशी केस गेले असते. माझ्या हट्टापायी लेकराले जास्तीचं औषध गेलं. आता मी कोनाच्याच भरवशावर देऊ नाई शकत. माझ्याबी नाई."

रडल्या. मी त्यांना लग्नातही रडताना पाहिलं नव्हतं.

इथे गप्प बसता आलं असतं. वैशू त्यांना पाणी देत होती, जवाईबापू समजावत होते, अन् सगळा दोष त्या बाईनं आपल्याच पदरात घेतला होता. माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

म्हटलं, "इहीनबाई, तुमच्यामुळे नाई. माझ्यामुळे."

अन् सांगितलं. पिशवी, काळे केस, पांढरे केस, तो फोन, लॅबवर ढकललेलं खोटं. सगळं. जवाईबापूंचं तोंड लाल झालं. "मामी, पाच दिवस!" म्हटलं, हो, पाच दिवस. वैशू म्हणे, "आई, तू मले खोटं सांगतलं?" म्हटलं, हो.

 इहीनबाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला. नंतर विचारलं, "केसांवर काय भेटते आजकाल?"

म्हटलं, एवढीशी वाटी.

"आमच्याकडे तं ते बी देत नाई." अन् तोंडाला पदर लावला. हसल्या का रडल्या, मला दिसलं नाही.

मग उठल्या. सगळं घर पाहिलं. मोरी पाहिली, ओटा पाहिला, गॅसची नळी हातानं हलवून पाहिली. दाराच्या फळीवरून पाय टाकताना गुडघा धरला, थांबल्या, फळी दोन्हीकडून दाबून पाहिली. "पक्की हाय का?" म्हटलं, सुतारानं ठोकली. जवाईबापू गाडीत जाऊन बसले होते.  वैशूनं वाकून नमस्कार केला, पण डोळ्यात पाहिलं नाही.

सोमवारी शाळा आहे तिची. मी विचारणार होती, मग पाळणाघराचं पक्कं का? नाही विचारलं. 

गाडी सुरू झाल्यावर इहीनबाईंनी काच खाली केली अन् म्हणाल्या, "रविवारी येतो."

लेकराला घेऊन का तशाच, तेही मी विचारलं नाही. रविवार म्हणजे एक मार्च.